बारापर्यंतचा नेम

वन्सं शेवग्याच्या फांदीला दोरी बांधत होत्या आणि मी देवघराच्या खिडकीतून त्यांच्याकडे बघत होते. पुढ्यात ताम्हन, ताम्हनात बाळकृष्ण, हातात पळी. पळीतलं पाणी केव्हा सांडून गेलं ते मला कळलंही नाही. आषाढातला वारा सुटला होता. आमच्या फलटणच्या बाजूचा वारा हा असाच. पाऊस आणत नाही, दिवसभर एकाच अंगानं रेटत राहतो. दोरीच्या टोकाला वन्संनी ट्रंकेचं बारकं कुलूप अडकवलं. ते जरा झुललं आणि थांबलं. वन्संनी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे समाधानानं पाहिलं.

मला काहीतरी सांगायचं होतं. पण घड्याळात आठ वाजले होते, आणि बारा वाजेपर्यंत मी बोलत नसे.

त्या वर्षीचा माझा चातुर्मासाचा नेम मौनाचा होता. सकाळी उठल्यापासून दुपारी नैवेद्य दाखवीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. स्वयंपाकघरात खुंटीला एक पाटी टांगलेली असे. दूध जास्त घ्यायचं असलं, पिठाची गिरणी बंद असली, की मी पाटीवर लिहून ठेवायची. आमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी कौतुक केलं असतं. वन्संना मात्र त्याची गंमत वाटे. हा नेम मी मामंजींच्या डोळ्यांसाठी धरला होता, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलेला नेम फळत नाही असं माझ्या आईचं म्हणणं.

मामंजी म्हणजे माझे सासरे, हवालदार साळुंखे. फौजेत ते आर्मरर होते. सव्वीस वर्षं त्यांनी बंदुका उघडल्या आणि जोडल्या. पेन्शनीत आल्यावर परसातल्या एका खोलीत त्यांनी परवाना काढून दुरुस्तीचं काम सुरू केलं. मोठ्या पल्ल्याच्या नेमबाजीत भाग घेणारी पोलीस खात्यातली माणसं दुर्बीण बसवायला त्यांच्याकडेच यायची. ‘साळुंख्यांच्या हातची दुर्बीण’ असं म्हणायचे. माझे यजमान तिकडं आसामात, पलटणीत. घरात मामंजी, मी, आणि सुट्टीला येणाऱ्या वन्सं. वैजयंता त्यांचं नाव. साताऱ्यात पोलिसात होत्या, माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवसापासून मी त्यांना अहो-जाहोच करत आले.

दुर्बीण बसवणं म्हणजे स्क्रू आवळून मोकळं होणं, असं मलाही लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं. दुर्बिणीच्या आत एक उभी आणि एक आडवी अशा दोन केसासारख्या तारा असतात. बंदूक पाणसळ लावून अगदी सपाट धरायची, वीस-पंचवीस पावलांवर ओळंबा टांगायचा, आणि आतली उभी तार ओळंब्याच्या दोरीवर तंतोतंत येईपर्यंत दुर्बीण कड्यांमध्ये कणाकणानं फिरवायची. तार तसूभर कलली तरी जवळच्या निशाणावर काही कळत नाही. गोळी बरोबर लागते. पण लांब मारायचं तर दुर्बिणीवरची चकती फिरवून गोळीची उंची वाढवावी लागते, आणि तार कललेली असली तर ती उंची सरळ वर न चढता बाजूला ढळते. जितकं लांब तितकी जास्त. मामंजींनी हे मला एकदाच समजावून सांगितलं होतं, गव्हाच्या पोत्यावर बसून, आणि मला ते लगेच पटलं होतं. कसं ते माहीत नाही. माझं शिक्षण सातवी.

सांगितलं ते गरज पडली म्हणून. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि दोरी त्यांना दुहेरी दिसायची. “सूनबाई, जरा तुमचा डोळा लावा बघू,” असं करत करत ते काम माझ्याकडे आलं. पाणसळ मी लावायची, तार मी बघायची, स्क्रू मी आवळायची. ते शेजारी उभं राहून नुसतं ‘हं’ म्हणायचे. तीन वर्षं असं चाललं. आषाढ-श्रावणात ओळंबा परसात टांगायचा नाही, गोठ्यात टांगायचा, वारा लागला की दोरी कलते आणि कललेलीच थांबते, हे मी माझ्या चुकीतून शिकले होते. बाहेर कुणाला यातलं काही माहीत नव्हतं. परवाना मामंजींच्या नावाचा, नाव मामंजींचं. माझीही त्याला ना नव्हती.

खरंच नव्हती. मग त्या महिन्याच्या सुरुवातीला रणनवरे सर आले.

रणनवरे सर पोलीस खात्याचा नेमबाजीचा संघ निवडणारे. वन्संनीच त्यांना घरी आणलं होतं. सर ओसरीवर बसले, त्यांनी मामंजींच्या हाताचं भरभरून कौतुक केलं. म्हणाले, सहाशे मीटरला आमच्या पोरांच्या गोळ्या जिथं नेम धरावा तिथंच लागतात, हवालदार, तुमचा डोळा अजून पंचविशीतला आहे. मामंजी चहाच्या कपाकडे बघत राहिले. मी खारे शेंगदाणे ठेवायला गेले तर सरांनी सहज विचारलं, सूनबाई पण मदत करतात वाटतं. आणि वन्सं हसून म्हणाल्या, “छे हो. वहिनींचं खातं देवाचं. आमचं बंदुकीचं.”

सगळे हसले. मामंजीही किंचित हसले. मी ताटली ठेवली आणि आत आले.

वन्संना ठाऊक होतं. त्यांच्या स्वतःच्या बंदुकीची दुर्बीण मीच दोनदा बसवून दिली होती, त्या माझ्या शेजारी उकिडव्या बसून बघत होत्या. सरांपुढं मामंजींचं नाव राहावं म्हणून त्या तसं बोलल्या असतील, हे मला त्याच रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या कळत होतं. कळून उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी जपमाळ ओढताना मणी पुढं जात होते आणि डोक्यात एकच, देवाचं खातं, देवाचं खातं.

पुढं आषाढी एकादशी आली, मी नेम धरला. मग मामंजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी हिरवी पट्टी बांधली आणि पंधरा दिवस वाकायचं नाही, डोक्यावर पाणी घ्यायचं नाही अशी तंबी दिली. ते आतल्या खोलीत कॉटवर पडून रेडिओ ऐकायचे. आणि त्यातच वन्सं आदल्या संध्याकाळी येऊन थडकल्या, बंदुकीची पेटी घेऊन. सरावात कड्यांचे स्क्रू ढिले झाले होते, दुर्बीण हलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जीप येणार, त्याच्या दुसऱ्या दिवशी नगरकडच्या मैदानावर निवड. दोन जागा होत्या आणि नऊ जण. त्यांत बाई त्या एकट्याच. या खेपेला घेतलं नाही तर साहेब मला परत ठाण्यात टेबलावर बसवणार, असं त्यांनी जेवताना सांगितलं. सांगताना भाकरी मोडून ताटात तशीच ठेवली होती.

रात्री दिवे गेले होते, म्हणून काम सकाळवर गेलं. आणि सकाळी मी मौनात.

काम मौनात करता येण्यासारखं होतं. दुर्बीण बसवायला बोलावं लागत नाही. पण आंघोळ करून पूजेला बसले की मी बंदुकीच्या तेलाला, पट्ट्याच्या कातड्याला हात लावत नसे, आणि वन्संनी देवघराच्या दारात येऊन मला बघितलं आणि म्हणाल्या, “राहू द्या. तुमचा एक नेम, माझा एक नेम. माझा मी बघते.” त्या चेष्टेनं म्हणाल्या. मला ती टोचली. मी उठले नाही.

पितळी ओळंबा जागेवर नव्हता. शेजारच्या बाबर मंडळींची नवी न्हाणी चालली होती, त्यांच्या गवंड्यानं आमचा ओळंबा मागून नेला होता. म्हणून ते कुलूप. मला पाटी दिसत होती. उठून चार पावलं चाललं की पाटी, आणि तिच्यावर एकच शब्द लिहायचा होता, ‘गोठ्यात’. आदल्याच दिवशी मी तिच्यावर मीठ संपलं म्हणून लिहिलं होतं.

वन्संनी अर्धा तास खटपट केली. पाणसळ लावली, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर नीट बसवली, तार दोरीवर आणली. माझ्याजवळ बसून शिकलं होतं ते सगळं शिस्तीत केलं. मग खिडकीशी आल्या.

“वहिनी, हात लावू नका. नुसता डोळा लावून बघा. तुम्ही बघितलंत की मला बरं वाटेल.”

मी बाहेर गेले. पदर आवरून वाकले, डोळा लावला. आतली उभी तार दोरीवर बरोबर बसली होती, मला स्वतःला याहून चांगली बसवता आली नसती. आणि दोरीच्या मागं बाबरांच्या न्हाणीची नवी भिंत दिसत होती. आमच्याच ओळंब्यानं उभी केलेली भिंत, तिची कड सरळ असणारच. त्या कडेला दोरी वरच्या बाजूला टेकल्यासारखी दिसत होती, आणि खाली दोन्हींमध्ये करंगळी जाईल एवढी फट होती.

मी डोळा काढला. वन्सं माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी मान हलवली, हो म्हणून.

वन्संनी भराभर स्क्रू आवळले. नऊला जीप आली. निघताना त्यांनी देवाला नमस्कार केला, मग वाकून मला केला. एरवी कधी करत नसत. मी त्यांच्या हातावर साखर ठेवली.

बारा वाजले. नैवेद्य दाखवला, मौन सुटलं. पोस्टात फोन होता. मास्तर ओळखीचे होते, साताऱ्याच्या मुख्यालयाला निरोप दिला असता तर रात्रीपर्यंत तो मैदानावर पोचला असता. मी मामंजींना जेवायला वाढलं. भात जरा गिच्च झालाय का, असं त्यांना विचारलं. दुपारी वाती वळत बसले. संध्याकाळी वाटलं, उद्या सकाळीही वेळ आहे. सकाळी पुन्हा मौन सुरू झालं आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी वन्सं परत आल्या तेव्हा अकरा वाजत आले होते. पेटी ओसरीवर ठेवून त्या थेट मामंजींच्या खोलीत गेल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिले. झालं नाही, एवढं त्या म्हणाल्या, आणि मग बराच वेळ पायातला बूट सोडत बसल्या. मामंजींनी घाई केली नाही. गोळ्या कुठं गेल्या ते विचारलं. शंभर मीटरला जागेवर. तीनशेला बोटभर उजवीकडे. सहाशेला दहाच्या दहा एका जागी, हाताच्या पंज्यात मावतील अशा, पण निशाणापासून वीतभर उजवीकडे. रणनवरे सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, हात चांगला आहे, पण बाईंना वारा वाचता येत नाही.

“सरांचं बरोबर आहे, बाबा. वारा होता. मला तो समजला नाही,” वन्सं म्हणाल्या.

मामंजी उशाशी टेकून बसले होते. हिरव्या पट्टीखालचा डोळा दिसत नव्हता, दुसरा भिंतीकडे होता. शंभरला काही नाही, तीनशेला बोट, सहाशेला वीत, असं त्यांनी पुटपुटत पुन्हा एकदा मोजलं. मग विचारलं, दुर्बीण कुणी बसवली.

“मीच. पण वहिनींनी बघितली ना. मी हात लावू दिला नाही त्यांना, नुसता डोळा लावला.” वन्सं माझ्याकडे वळल्या आणि थकलेलं हसल्या. “वहिनींनी हो म्हटलं म्हणजे तार सरळच असणार. माझाच नेम चुकला. तुमचा तरी सुखरूप आहे ना, वहिनी?”

मी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्या गटागटा प्यायल्या आणि न्हाणीत गेल्या. पाणी ओतून घेण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

 मामंजी पाटी आणा म्हणाले नाहीत. रेडिओही लावला नाही. मी स्वयंपाकघरात आले, नैवेद्याचं पान वाढलं, तुळशीपत्र ठेवलं. वन्सं न्हाऊन आल्या आणि न जेवताच पलीकडच्या खोलीत जाऊन झोपल्या. घड्याळात बाराचे टोले पडले. मी नैवेद्य दाखवला. हात जोडून उभी राहिले, पण काय मागायचं ते सुचेना. मग मामंजींना जेवायला बोलवायला गेले.

“बारा वाजून गेले ना, सूनबाई?”

“हो.”

“मग आता बोलायला हरकत नाही.”

 त्यांचा उघडा डोळा माझ्यावर होता. त्या डोळ्याला अजून मोतीबिंदू होता, मी त्यांना धुरकटच दिसत असणार, तरी मला वाटलं की हा माणूस मला आरपार बघतोय. ते रागावलेले नव्हते. वाट बघत होते. बंदुकीचा स्क्रू सुटत नसला की ते असेच तेलाचा थेंब टाकून हातावर हात ठेवून बसायचे.

मी म्हणाले, “पान वाढलंय.”

त्यांनी मान खाली घातली. “जेवू मागाहून. कागद-पेन घेऊन या. मला लिहिता येणार नाही.”

त्या पत्रानं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. रणनवरे सर सज्जन होते. त्यांनी वन्संना महिन्यानं पुन्हा मैदानावर उभं केलं, आणि त्या खेपेला वन्संनी जागा मिळवली. नंतर चार वर्षं त्या संघात होत्या. आज त्या निवृत्त आहेत, साताऱ्यात असतात, सणाला मला साडी पाठवतात. मामंजींकडे मात्र त्यानंतर खात्याची एकही बंदूक आली नाही. कुणी वाईट बोललं नाही. नुसतं येणं थांबलं. दोन महिन्यांनी त्यांनी परवाना परत केला आणि पाणसळ, पाने, स्क्रू-ड्रायव्हर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवले. दुसरा डोळा चांगला झाला, लख्ख दिसायला लागलं, पण करायला काम उरलं नव्हतं. पुढं अकरा वर्षं जगले. सकाळी मारुतीच्या पारावर बसायचे, लोक हवालदार म्हणून राम राम करायचे. माझ्याशी ते पहिल्यासारखेच वागले. ‘सूनबाई, तुमचा डोळा लावा’ एवढं मात्र पुन्हा म्हणाले नाहीत, अगदी सुईत दोरा ओवायचा असला तरी. वन्संना वाटतं, दुर्बीण त्यांनी स्वतःच नीट बसवली नव्हती आणि बाबांनी लेकीसाठी खोटा दोष घेतला. तसं त्या मला कितीदा सांगतात. मी दर वेळी ऐकून घेते.

माझे नेम-धर्म चालूच आहेत. एकादशी, सोमवार, रोजचा पोथीचा अध्याय. मौन मी पुन्हा धरलं नाही. कुणी विचारलं तर सांगते, आता घशाला सोसत नाही.

त्या दुपारी मी पाट घेऊन कॉटजवळ बसले, मांडीवर वही, वहीवर कागद. मामंजी सावकाश सांगत होते, फौजेत अर्ज सांगतात तसं, मध्ये स्वल्पविरामसुद्धा. श्री. रणनवरे साहेब यांस. वैजयंताच्या बंदुकीची दुर्बीण मी बसवली होती. तार कललेली राहिली. त्यामुळे लांबच्या पल्ल्याला गोळ्या उजवीकडे गेल्या, त्यात तिचा दोष नाही. चूक माझ्या हातून झाली. मला दिसत असूनही मी ती सांगितली नाही, याची शरम वाटते. तरी तिला आणखी एक संधी द्यावी ही विनंती.

‘मला दिसत असूनही’ हे लिहिताना माझं पेन थांबलं. मामंजींना त्या वेळी कुठं दिसत होतं?

“लिहिलं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“वाचून दाखवा. मोठ्यानं. ती झोपलीय, तिला नाही ऐकू जायचं.”

मी वाचायला लागले. पहिली दोन वाक्यं नीट आली. तिसऱ्याला मी ओळीवर बोट ठेवलं, पुढं गेले. “चूक माझ्या हातून झाली. मला दिसत असूनही मी ती सांगितली नाही, याची…” एवढं वाचलं आणि थांबले.

मामंजींनी डोळा मिटला होता. हात छातीवर जोडलेले. देवळात कीर्तन ऐकतात तसे ते ऐकत होते.

“हं,” ते म्हणाले. “तेवढं परत वाचा.”

मी परत वाचलं. मग त्यांनी चाचपडत माझ्याकडचं पेन घेतलं, आणि मी बोटानं दाखवलेल्या जागी, वाकडीतिकडी, स्वतःची सही केली.